वीतभर लांबीचा खोटा मासा

लार्जमाउथ बास हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांचा आणि संथ नद्यांचा शिकारी मासा. आपल्याकडचा मरळ जसा पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल थांबतो आणि बेडूक टप्प्यात येताच झडप घालतो, तशीच काहीशी याचीही रीत. तोंड इतके मोठे, की मिटलेल्या जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो. ते एकदम उघडले की आत पोकळी तयार होते आणि भक्ष्य पाण्यासकट ओढले जाते. चावण्याचा प्रश्नच येत नाही. गळाला लागणारे बहुतेक बास अर्ध्या ते दीड किलोचे असतात आणि त्यांच्यासाठी बोटभर लांबीची, दहा-वीस ग्रॅम वजनाची आमिषे वापरली जातात.

पण याच माशासाठी गेल्या तीन-चार दशकांत एक अजब वस्तू घडत गेली. वीतभर किंवा त्याहून लांब, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजन, लाकडाची किंवा रेझिनची, मधोमध कापून बिजागरीने पुन्हा जोडलेली. हातात घेतली तर खेळण्यातला मासा वाटावी. पाण्यात ओढली की मात्र ती डावीकडे-उजवीकडे झुलत, संथ नागमोडी वळणे घेत येते आणि पाहणाऱ्याला क्षणभर खरेच वाटते की कुणीतरी जिवंत मासा दोरीला बांधला आहे. पाच-पाच किलोचे बास या वस्तूच्या मागे खोल पाण्यातून वर येतात. तिची किंमत कारखान्यातली असेल तर दोन आकडी डॉलर आणि नावाजलेल्या कारागिराने हाताने केलेली असेल तर काहीशे डॉलर. विकत घेतल्यावरही शौकीन तिला तशीच पाण्यात सोडत नाहीत. आधी घरच्या टेबलावर तिचे गळ बदलतात, पोटात शिसे भरतात, सांधा घासतात, अंगावर नवा रंग चढवतात.

एवढे मोठे आमिष मुळात कुणाला सुचले, याचे उत्तर कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठ्याच्या तलावांत सापडते. बास हा तिथला मूळचा मासाच नव्हे. 1959 मध्ये सॅन दिएगो शहराच्या तलावांचे काम पाहणाऱ्या ऑर्व्हिल बॉल यांनी फ्लोरिडातून बासची पिल्ले मागवली आणि अपर ओटे या तलावात वाढवली. फ्लोरिडाचा बास उत्तरेकडच्या बासपेक्षा अधिक मोठा होतो. सॅन दिएगोचे हवामान उबदार, त्यामुळे वाढीचा हंगाम लांब. त्यात आणखी एक गोष्ट घडली, तीही माणसानेच केलेली. थंडीच्या महिन्यांत हौशी गळकऱ्यांना काहीतरी मिळावे म्हणून या तलावांत मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले रेनबो ट्राउट सोडले जात. टँकर यायचा, पाइपातून शेकडो ट्राउट पाण्यात पडायचे. पंचवीस-तीस सेंटीमीटर लांबीचे, अंगाने मऊ, परांत टोचणारे काटे नसलेले, सिमेंटच्या टाकीत वाढल्यामुळे शिकारी म्हणजे काय हे ठाऊक नसलेले मासे. बासच्या दृष्टीने यापेक्षा सोपे आणि पोटभरीचे जेवण नव्हते.

परिणाम वजनकाट्यावर दिसू लागला. 1973 मध्ये मिरामार तलावात 20 पौंड 15 औंसांचा बास मिळाला, 1980 मध्ये कॅसिटास तलावात 21 पौंड 3 औंसांचा, 1991 मध्ये कॅस्टेइक तलावात 22 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 10 किलोचा. इतके वाढणारे मासे म्हणजे सगळ्या माद्याच असतात. नर त्या आकाराच्या जवळपासही जात नाहीत. जॉर्जिया राज्यातला तरुण शेतकरी जॉर्ज पेरी याने 2 जून 1932 रोजी पकडलेल्या 22 पौंड 4 औंसांच्या बासचा जागतिक विक्रम आता मोडणारच, असे तेव्हा सगळ्यांना वाटत होते. जो मासा वीतभर ट्राउट एका घासात गिळतो त्याला बोटभर आमिष दाखवून काय उपयोग, हा प्रश्न या धामधुमीत काहींना पडला आणि ट्राउटच्याच मापाचे आमिष करण्याचे प्रयोग सुरू झाले. अ‍ॅलन कोल यांचा सांधेजोड लाकडी ‘ए. सी. प्लग’ त्यातला सर्वांत प्रसिद्ध. त्याला मऊ रबरी शेपूट होते. पाठोपाठ माइक शॉ यांचा ‘एम. एस. स्लॅमर’ आला, जो पृष्ठभागावर लाट उठवत येतो. कारखाने आले ते नंतर. सुरुवातीला ही सगळी गॅरेजमधली कामे होती आणि आजही या धंद्याचा जीव गॅरेजमध्येच आहे, असे माझे मत.

सांधेजोड आमिष ही कल्पना मात्र कॅलिफोर्नियाची नव्हे. दोन तुकड्यांची लाकडी आमिषे अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही विकली जात. त्यांच्या नाकाला धातूचा किंवा प्लास्टिकचा ओठ असे आणि ओढताना पाणी त्या ओठावर आदळून डोके थरथरे. थरथर सांध्यातून शेपटाकडे जाई, एवढेच सांध्याचे काम. ओठ काढून टाकून केवळ शरीराच्या आकारावर आमिष पोहायला लावण्याची कला पुढे नेली जपानने. गॅन क्राफ्टचे ‘जॉइंटेड क्लॉ 178’ आणि डेप्सचे ‘स्लाइड स्विमर 250’ ही दोन नावे या क्षेत्रात आदराने घेतली जातात. नावातला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. कॅस्टेइक तलावावर बुच ब्राउन या गळकऱ्याने स्लाइड स्विमरवर एकामागून एक प्रचंड बास पकडून दाखवले, तेव्हा अमेरिकेत या जपानी आमिषाची मागणी वाढली. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या ट्राउटने जन्माला घातलेली मोठ्या आमिषाची कल्पना पॅसिफिक ओलांडून गेली आणि सुधारून परत आली.

एकच सांधा असलेल्या, ओठ नसलेल्या या आमिषांना ग्लाइड बेट म्हणतात. त्यांचे पोहणे समजून घेण्यासारखे आहे. दोर नाकाला बांधलेला असतो. ओढल्यावर डोके किंचित एका बाजूला झुकले, की पाणी त्याच्या उभ्या, सपाट अंगावर आदळते आणि पुढचा तुकडा पंखासारखा काम करून संपूर्ण आमिषाला आडवे ढकलतो. शेपटाचा तुकडा मागे रेंगाळतो आणि सुकाणूप्रमाणे ते वळण लांबवतो. मग एक क्षण असा येतो की दोराचा ताण नाकाला पुन्हा मधल्या रेषेकडे खेचतो, पण आमिषाचे वजन त्याला तिथे थांबू देत नाही आणि ते दुसऱ्या बाजूला निघून जाते. हेच पुन्हा पुन्हा. आमिष जितके जड आणि उंच अंगाचे, तितके वळण मोठे आणि सावकाश. तीन-चार सांधे असलेल्या आमिषांची गोष्ट वेगळी. त्यांत लाट एका तुकड्यातून दुसऱ्यात सरकत जाते आणि चाल अरुंद, जलद, खऱ्या माशाच्या साध्या पोहण्यासारखी होते. स्कॉट व्हिटमर यांचा ‘ट्रिपल ट्राउट’ आणि जॉर्जियातल्या माइक बुका यांचा ‘बुल शॅड’ या जातीचे.

सांध्याची रचना सोपी दिसते. एका तुकड्याचे टोक पाचरीसारखे निमुळते, दुसऱ्यात त्याला सामावणारी खाच. दोन्हींत आकडे घट्ट बसवलेले आणि त्यांतून गंज न चढणाऱ्या पोलादाची सळई उभी घातलेली. पाचर आणि खाच यांचा कोन जितका मोकळा, तितके आमिष जास्त दुमडते. पॉलिश पेपरने ही खाच एखादा मिलिमीटर घासली तरी चाल बदलते. काही जण उलटे करतात, खाचेत पातळ रबर चिकटवतात आणि आमिषाचे वळण आवळतात. सांध्यावर तुकडे आपटून येणारा टकटक आवाजही विचारात घ्यावा लागतो. गढूळ पाण्यात तो माशाला बोलावतो, स्वच्छ आणि शांत पाण्यात काहींना तो नकोसा वाटतो.

वजनाचा हिशेब याहून बारीक. हळू बुडणारे आमिष पाण्यात जवळजवळ तरंगतच असते. त्याचे पाण्यातले उरलेले वजन फार तर ग्रॅम-दोन ग्रॅम. आता 160 ग्रॅमचे असे आमिष घ्या. ते साधारण तितक्याच मिलिलिटर पाण्याची जागा घेते. 25 अंश सेल्सियसच्या पाण्यापेक्षा 10 अंशांचे पाणी 0.27 टक्के दाट असते, म्हणजे थंडीत त्याच आमिषाला जवळजवळ अर्धा ग्रॅम जास्त उचल मिळते. उन्हाळ्यात सावकाश बुडणारे आमिष हिवाळ्यात अधांतरी लटकू शकते, कधी वरही येते. आणि गोड्या पाण्यासाठी जुळवलेले आमिष समुद्रात नेले, तर खाऱ्या पाण्याच्या दाटपणामुळे चार ग्रॅमांची उचल मिळून ते सरळ तरंगेल. म्हणून शौकिनांच्या डब्यात शिशाच्या किंवा टंगस्टनच्या चिकटपट्ट्या आणि बारीक शिसेतार असते. तार गळाच्या दांड्याला गुंडाळायची, पट्टी पोटाला लावायची, बादलीत सोडून पाहायचे. आमिष आडवे राहून बुडायला हवे. नाक किंचित खाली असले तर चालते, शेपूट खाली गेले तर चाल मरते. कायमचा बदल हवा असेल तर पोटाला भोक पाडून शिसे बसवतात आणि इपॉक्सीने बुजवतात.

इथे एक गंमत आहे, जी नवख्यांच्या लक्षात येत नाही. रंगाचे आणि पारदर्शक लेपाचे थर चढवले की आमिष काही ग्रॅमांनी जड होते आणि माणूस घाबरतो, की आता ते दगडासारखे बुडेल. पण सुकलेला इपॉक्सी पाण्यापेक्षा थोडासाच दाट. त्याचे चार ग्रॅम स्वतःच साडेतीन मिलिलिटरच्या आसपास जागा घेतात, त्यामुळे पाण्यातले वजन जेमतेम अर्ध्या ग्रॅमने वाढते. तेच चार ग्रॅम शिशाचे असतील तर पाण्यात साडेतीन ग्रॅमांहून जास्त भरतात. तेव्हा लेपाची खरी भीती वजनाची नाही, सांध्याची आहे. खाचेत लेप साचला की बिजागरी आखडते, म्हणून रंगवण्याआधी सांधा चिकटपट्टीने नीट झाकतात.

गळांचा बदल सर्वांत आधी केला जातो आणि तोच सर्वांत उपयोगी ठरतो. पोटाखाली तीन काट्यांचे दोन ट्रेबल हुक असतात. बास गळाला लागला की उसळी मारून डोके झिंजाडतो आणि दीडशे ग्रॅमचे कडक धूड त्याच्या तोंडाशी पहारीसारखे काम करून गळ उपटून काढते. आमिषाच्या वजनाचा हा तोटाच आहे. उपाय म्हणजे गळ आणि शरीर यांच्यामध्ये फिरती कडी बसवणे, म्हणजे आमिष कसेही वळले तरी गळ आपल्या जागी फिरत राहतो. काही कारागीर पोटात छोटे चुंबक पुरतात, त्यामुळे ओढताना गळाचा दांडा अंगाला चिकटून राहतो, झुलत नाही. गळाचा आकार बदलला की पोलादाचे वजन बदलते, म्हणजे पुन्हा बादली.

शेपटांचेही असेच. कारखान्याचे मऊ शेपूट काढून लांब, पातळ लावले तर वळण सावकाश होते. आखूड लावले तर चटपटीत. ही मऊ शेपटे ज्या प्लास्टिकची असतात ते काही रंगांना आणि कडक प्लास्टिकला विरघळवते. एकाच डब्यात महिनाभर पडून राहिली तर शेजारच्या आमिषाचा रंग उतरून चिकट होतो. म्हणून त्यांना वेगळे ठेवतात.

रंगकाम हा मात्र निखळ हौसेचा प्रांत. जुना रंग घासून काढायचा, पांढरा अस्तर थर द्यायचा, अंग घासायच्या जाळीचा तुकडा आमिषावर ताणून बांधायचा आणि एअरब्रशने गडद रंग फवारायचा. जाळी सोडवली की खाली खवले उमटलेले असतात, एकसारखे आणि बारीक. मग पाठ गडद, पोट पांढरे, मधोमध ट्राउटचा गुलाबी पट्टा, वर काळे ठिपके. ठिपके कुणी साच्याने काढतात, कुणी टूथब्रशच्या केसांवरून रंग उडवतात. शेवटी मोटारींना देतात तसा दोन घटकांचा चकचकीत लेप किंवा इपॉक्सी. इपॉक्सी सुकेपर्यंत ओघळू नये म्हणून आमिष मोटरच्या चाकावर बांधून तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवतात. गॅरेजमध्ये चाकावर फिरणारे सहा-सात खोटे ट्राउट, हे दृश्य या छंदाची खूणच म्हणावी.

माशाला यातले किती दिसते? इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लार्जमाउथ बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आढळल्या, एक हिरव्याला आणि एक लाल रंगाला प्रतिसाद देणारी. लाल आणि हिरवा हे मासे चांगले ओळखत. पण झगझगीत पिवळा आणि पांढरा यांत त्यांची गल्लत होई, तसेच निळा आणि काळा यांत. गुलाबी पट्ट्याच्या नऊ छटा जुळवत बसलेल्या कारागिराने हे वाचून हिरमुसू नये, पण नाकारूही नये. गडद पाठ आणि फिकट पोट यांचा भेद माशासाठी खरा आहे, कारण बहुतेक चाऱ्याचे मासे तसेच असतात. त्यापुढचे बारकावे बऱ्याच अंशी माणसासाठी आहेत. बासच्या अंगावरची पार्श्वरेखा पाण्यातली हालचाल टिपते आणि एवढे मोठे शरीर डोलत जाताना जे पाणी ढकलते, ते त्याला जाणवते.

हे धूड फेकायला साधा रॉड चालत नाही. सुमारे अडीच मीटर लांबीचा जाड रॉड, मोठे रील आणि 20-25 पौंडांचा नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन दोर, नाहीतर त्याहून मजबूत विणलेला दोर. फेक दोन्ही हातांनी, झटका न देता, गोफणीसारखी झोकून. मध्येच रीलवर गुंता झाला तर ताणलेला दोर फटकन तुटतो आणि शंभर डॉलरचे आमिष एकटेच क्षितिजाकडे निघून जाते. पाण्याखालच्या झाडाच्या फांदीत अडकले तर सोडवायला दोरीला बांधलेले जड वजन गळाच्या दोरावरून खाली सोडतात. ते आमिषावर आदळते आणि गळ निसटतो. असे अवजार होडीत नसेल तर हा खेळ फार महाग पडतो.

आमिष ओढायचे सावकाश. धरणाच्या भिंतीजवळ, पाण्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकांवर, बुडालेल्या झाडांच्या कडेने. स्वच्छ पाणी, त्यावर वाऱ्याची हलकी लाट, ढगाळ उजेड, आणि कॅलिफोर्नियात असाल तर नुकताच येऊन गेलेला ट्राउटचा टँकर. मग बहुतेक वेळा घडते ते असे: आमिषाच्या मागे एक मोठी सावली येते, होडीपर्यंत येते, आणि वळून जाते. गळकरी त्यांना ‘मागे येणारे’ म्हणतात आणि त्यांची नोंद ठेवतात, कारण मासा कुठे राहतो हे तरी कळते. सावली दिसली की रीलचा दांडा अर्धा फेरा झटक्याने फिरवून लगेच सैल सोडतात. आमिष जागच्या जागी वळते आणि तोंड थेट पाठलाग करणाऱ्याकडे करते. पळणारा मासा अचानक उलटा फिरला की शिकाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. बऱ्याच बासचा निर्णय तोंड उघडण्याचा असतो.

पण सगळ्यांचा नाही, आणि त्याला आनुवंशिक कारण असल्याचे दिसते. इलिनॉयमधल्या रिज लेक या छोट्या तलावात पकडलेल्या प्रत्येक बासला खूण करून सोडत वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. काही मासे पुन्हा पुन्हा गळाला लागत, काही कधीच लागले नाहीत. संशोधक डेव्हिड फिलिप आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही गटांची पिढ्यान्‌पिढ्या वेगळी पैदास केली आणि 2009 मध्ये दाखवून दिले की गळाला बळी पडण्याची वृत्ती पिल्लांतही उतरते. ज्या तलावात रोज शेकडो आमिषे पडतात, तिथे म्हातारी होईपर्यंत टिकलेली मादी सहज भुलणाऱ्यांपैकी नसण्याची शक्यता मोठी.

अशीच एक मादी सॅन दिएगोजवळच्या डिक्सन तलावात होती. कल्ल्याखाली काळा ठिपका, म्हणून तिचे नाव ‘डॉटी’. 2003 मध्ये ती पकडली गेली तेव्हा 21 पौंड 11 औंस भरली. मार्च 2006 मध्ये मॅक वीकली या गळकऱ्याने तिला पुन्हा वर काढले आणि हातकाट्यावर 25 पौंड 1 औंस वजन झाले, विक्रमाच्या बरेच पुढे. पण गळ तोंडात नव्हे, अंगाला बाहेरून रुतला होता. त्याने तिला सोडून दिले आणि विक्रमाचा दावा केला नाही. 2008 मध्ये ती मेलेली आढळली. ठिपक्यावरून ओळख पटली.

हे सोडून देणे अमेरिकेतल्या बासच्या खेळात आता रीतच आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बास अँगलर्स स्पोर्ट्समन सोसायटीचे संस्थापक रे स्कॉट यांनी स्पर्धांतले मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला आणि तो रुजला. जपानमध्ये उलटे. तिथे बास 1925 मध्ये हाकोनेजवळच्या आशी तलावात बाहेरून आणला गेला. ब्लूगिल हा दुसरा अमेरिकी मासा 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिला होता. दोघेही पसरले आणि स्थानिक माशांवर उठले. पुढे सम्राट झालेल्या अकिहितो यांनी 2007 मध्ये ओत्सू इथे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ओत्सू बिवा तलावाच्या काठी आहे. या तलावात पकडलेला बास किंवा ब्लूगिल पुन्हा पाण्यात सोडायला शिगा प्रांताने 2003 पासून मनाई केली आहे आणि किनाऱ्यावर मासे टाकायला पेट्या ठेवल्या आहेत.

याच बिवा तलावात 2 जुलै 2009 रोजी मानाबु कुरिता यांनी 10.12 किलोचा बास पकडला. पेरीच्या माशापेक्षा तो एका औंसाहूनही किंचित कमी फरकाने, सुमारे 28 ग्रॅमांनी, जड होता. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमानुसार या वजनगटात जुना विक्रम मोडायला दोन औंसांची आघाडी लागते. त्यामुळे बरोबरी जाहीर झाली आणि यादीत दोन्ही नावे शेजारी-शेजारी लागली. पेरीने क्रीक चब कंपनीचे लाकडी आमिष वापरले होते आणि मासा घरी नेऊन कुटुंबासह खाल्ला होता. कुरितांच्या गळाला लावलेला होता जिवंत ब्लूगिल.